कालवणाचं सॅम्पल

पुण्याला मुलीकडं गेलो की तिच्या सोसायटीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "काका, तुम्ही दूध, तूप, अंडी, मटण काहीच खात नाही म्हणे. मग जेवणात मजा येते का हो?" हल्ली तिकडं याला वीगन म्हणतात. मी खायचं सोडलं तेव्हा आमच्याकडं याला काही नाव नव्हतं. 'ह्याला डॉक्टरनं बंद केलंय' एवढंच लोक म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा काढायचे की जणू मला तालुक्यातून तडीपार केलंय.

विचारणाऱ्याकडं मी आधी नीट बघून घेतो. हा खरंच विचारतोय, की माझी कीव करतोय, की डॉक्टरनं यालाही काही बंद करायला सांगितलंय आणि हा माझ्याकडून धीर गोळा करतोय? बहुतेक वेळा तिसरंच निघतं. अशांसाठी हे लिहून काढतोय. औषधांची माहिती यात नाही. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि मिळालेलं उत्तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारून पडताळून घ्या.

माझा स्वभाव आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. राजुरीच्या पुढं आमची वस्ती. तिकडच्या एका दूध संस्थेत मी टेस्टर होतो. लोक किटल्या घेऊन यायचे, प्रत्येकाच्या दुधातलं थोडं काढून त्यात पाणी किती आणि फॅट किती हे बघायचं माझं काम. अठरा वर्षं रोज दोन्ही वेळा लोक समोर उभे राहून सांगायचे, "भाऊ, आपलं निर्भेळ हाय बरं का." न विचारता असं सांगणाऱ्याचं दूध मी दोनदा तपासायचो. सख्ख्या चुलत्याचं दूध मी परत पाठवलेलं आहे. त्यांनी मोठ्या मनानं दिवाळीच्या फराळाला बोलावलं, तेव्हा मी लाडू आधी नाकाला लावला आणि मग तोंडात टाकला. ते त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.

*

त्या दिवशी सकाळचं दूध गोळा करून झालं होतं. कॅन टेंपोत चढवायला हात लावला आणि डाव्या जबड्यापासून दंडापर्यंत कोणी दावं आवळावं तसं झालं. बनियन पिळून काढावं इतका घाम आला. मला पहिली शंका ॲसिडची आली. फॅट बघायला आम्ही ॲसिड वापरायचो, त्याची वाफ छातीत गेली असेल. दुसरी शंका आदल्या दिवशीच्या मटणाची. तिसरी शंका मनात आली ती मी कोणाला बोललो नाही. माझे वडील पन्नाशीच्या आत असेच बांधावर बसले आणि गेले. तेव्हा आम्ही 'वारं लागलं' म्हणालो होतो. मी शेहेचाळीसचा होतो.

दुधाच्या टेंपोतच मला नारायणगावला नेलं. डॉक्टरांनी छातीवर वायरी लावून कागदाची पट्टी काढली आणि म्हणाले, "अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता पुण्याला हलवा."

मी विचारलं, "हे मशीन शेवटचं कधी तपासलं व्हतं?"

माझी बायको इंदू शेजारी उभी होती. शेतातून तशीच आलेली, पायाला चिखल. म्हणाली, "मशीन ऱ्हाऊंद्या. तुमी गप पडा." तिचा आवाज कापत होता. ते ऐकून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

*

पुण्यात त्यांनी मांडीतून नळी घालून हृदयाचं चित्र पडद्यावर दाखवलं. रक्तवाहिनीतला एक मोठा अडथळा फुग्यानं उघडला. आणखी दोन ठिकाणी लहान अडथळे होते, ते गोळ्यांवर आणि जेवणावर सांभाळू असं ठरलं. पडद्यावरचं हृदय माझंच कशावरून, हे मी विचारलं होतं. डॉक्टर हसले आणि परत पडद्याकडं वळले.

हॉस्पिटलातला दिवस पहाटे रक्त काढण्यानं सुरू व्हायचा. एवढं रक्त रोज कशाला लागतं, हा माझा प्रश्न होता. मग गरम पाण्यानं अंग पुसणं, गोळ्या, झाकणाखालचा दलिया. झाकण काढलं की मी वास घ्यायचो. जेवण वाटणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. "काका, वासानं पोट भरतं का?" असं एकदा म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पदराआडून अर्धं लिंबू काढून माझ्या वरणात पिळलं. सिस्टरची परवानगी घेतली का, असं मी विचारलं. हो म्हणाल्या. त्या आठवड्यात तोंडाला चव अशी ती एवढीच आली.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना तपासणीला म्हणून नेलं, ते परत आले नाहीत. त्यांचा वॉर्ड बदलला, असं सिस्टर म्हणाल्या. मी आणखी दोघांना विचारलं. तिघांचं उत्तर शब्दाला शब्द जुळलं, म्हणून मला जास्तच धडकी भरली.

सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "प्राण्यापासून आलेलं काही नको. दूध, दही, ताक, लोणी, तूप, अंडी, मटण, सगळं बंद. तेल चमच्यानं मोजून. तीळ-खोबरं कधीमधी, बेतानं."

"किती दिवस?"

"तुम्हाला जितके दिवस जगायचंय तितके."

सगळे डॉक्टर एवढं कडक सांगत नाहीत, हे मला पुढं कळलं. त्या वेळी एकच वाटलं, ह्या माणसाचं कुठल्यातरी डेअरीशी वाकडं असणार. इंदूनं मात्र पिशवीतल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला आणि डॉक्टरांकडून पेन मागून घेऊन त्यावर सगळं लिहून घेतलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर सावकाश काढत होती, आणि डॉक्टर थांबले होते.

*

घरी दोन म्हशी. शिंक्यावर लोण्याचं गाडगं, दर आठवड्याला तूप कढायचं, त्याचा वास पार गोठ्यापर्यंत यायचा. इंदूनं आठ दिवसांत ते सगळं उचललं. दूध सगळं संस्थेला घालायला लागली, गाडगं घासून पालथं ठेवलं.

पहिल्या चार महिन्यांचं खरं सांगतो. मजा येत नव्हती. जो कोणी म्हणेल की पहिल्या दिवसापासून छान वाटलं, त्याचं सॅम्पल काढावं. चहा कोरा. भाकरी कोरडी. भाजी पाण्याची. मी रोज दुसऱ्यांचं दूध नाकाशी धरायचो आणि घरी येऊन म्हशीसारखा पाला खायचो. पावणे यायचे, कोऱ्या चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवायचे आणि मग घरी जायची घाई करायचे. संस्थेत लोक चेष्टा करायचे, "भाऊ, म्हशीला कमी पडंल, थोडा पाला शिल्लक ठिवा."

एकदा मी ताट सरकवलं. इंदूनं ते उचललं नाही. तिथंच बसून म्हणाली, "मला काय हौस हाय व्हय? डॉक्टरनं सांगितलं त्येच करतीया. तुमास्नी जगवायचं का खूश ठिवायचं, एकदाच सांगा."

मी ताट परत ओढलं. पण मनात आलं, हिनं कागदावर लिहिलं तेव्हा एखादी गोष्ट जास्तीची तर लिहिली नाही ना?

*

माझ्या संशयाला एकदा पुरावा मिळाला, आणि तिथूनच घात झाला.

वारूळवाडीला माझी थोरली बहीण असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. संक्रांतीच्या सुमाराला ती भेटायला आली, डबाभर भाकरी घेऊन. "तुझ्यासाठी कोरड्या करून आनल्यात," म्हणाली. न विचारता सांगितलं, तिथंच माझे कान टवकारले. भाकरी मोडली तर मऊसूत, दुमडली तरी चीर नाही. नाकाला लावली. अठरा वर्षांचं नाक आहे हे.

"आक्का, ही दशमी हाय. पीठ दुधात मळलंयस."

आक्का आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. "वाळून काडी झालास रे. दोन घोट दुधानं काय मरतोस का? आईचं दूध पिऊनच वाढलास ना?"

तिच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की जी माणसं आपल्यावर जीव टाकतात तीच आपल्या ताटात लपवून घालतात. दुसऱ्याला काय पडलंय? मग मी प्रत्येक जेवणाला विचारायला लागलो, "यात काय काय घातलंय?" इंदू सांगायची. मी मान डोलवायचो आणि ती आत गेली की वास घ्यायचो.

तिला ते ठाऊक होतं, हे मला फार उशिरा समजलं.

*

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चार-पाच महिन्यांनी माझ्या जिभेला काहीतरी झालं. बाजरीची भाकरी नुसती चावली तरी गोड लागायला लागली. आधी वरून लोणी असायचं, तेव्हा बाजरीला बोलायला जागाच नव्हती. हुलग्याच्या शेंगोळ्यांचा रस्सा मी ताट वाकडं करून प्यायला लागलो. इंदू पण हट्टाला पेटली होती. तूप नाही म्हटल्यावर ती भाजण्यावर आली. कांदा अख्खा चुलीच्या निखाऱ्यात, लसणाच्या गड्ड्या सालीसकट, तीळ कोरडे. मिक्सर होता, पण तो फडताळात गेला आणि पाटा-वरवंटा बाहेर आला. वाटण वाटताना तिच्या बांगड्या वाजायच्या आणि मला ओसरीवर भूक लागायची.

शहाण्या माणसानं यावर आनंद मानला असता. मला संशय आला. जेवण बेचव होतं तोवर मी निर्धास्त होतो. चव आली म्हणजे आत काहीतरी आलं.

मे महिन्यात इंदूचा भाऊ दशरथ पेठेहून आला. पेठ म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरचं, आंबेगाव तालुक्यातलं. आमच्याकडं पावणा आला की एक तर मटण, नाहीतर मासवडी. नावात मास आहे, आकार मासोळीचा आहे, पण आत तीळ, सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि लसूण. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, सारण पसरून वळायचं, वड्या कापायच्या आणि वरून काळा झणझणीत रस्सा. डॉक्टरांच्या 'कधीमधी' मध्ये बसतं म्हणून इंदूनं तो बेत केला. मी दोन वेळा रस्सा मागून घेतला. तिसऱ्या वेळी हात आखडला. असा रस्सा तुपाशिवाय लागतो? नुसत्या कांद्या-खोबऱ्यात एवढी ताकद असती तर लोकांनी म्हशी कशाला पाळल्या असत्या?

"यात काय काय घातलंय?" मी विचारलं.

"रोजचंच," इंदू म्हणाली. पावण्यांसमोर तिला यादी द्यायची नव्हती.

मी वाटीभर रस्सा झाकून ठेवला आणि संध्याकाळी संस्थेत घेऊन गेलो. सगळे गेल्यावर तो गाळला, दुधाचा घेतात तेवढा मापून काचेच्या नळीत घेतला, त्यावर ॲसिड घातलं. तो असा फसफसला की नळी हातातून सुटता सुटता राहिली. हा उद्योग कृपा करून कोणी करू नये. बूच लावून नळी फिरवायच्या यंत्रात घातली, हँडल मारलं आणि बाहेर काढून उजेडात धरली. खाली कोळशासारखा काळा गाळ, आणि वर स्वच्छ पिवळी पट्टी. रोज बघत आलो तीच पट्टी. एखाद्याच्या म्हशीच्या दुधाला एवढं फॅट लागलं असतं तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. चोर सापडल्याचा आनंद झाला. ही गोष्ट लिहायला आजही हात जड होतो.

*

सकाळी ओसरीवर दशरथ चहा पीत बसला होता. इंदू भाकऱ्या करत होती. कॉलेजला सुट्टी म्हणून आमची पोरगी मनीषा घरी होती. ती नारायणगावला सायन्सला होती. मी ती नळी इंदूच्या परातीशेजारी ठेवली.

"हे काय हाय?"

तिनं बघितलं. "तुमची नळी."

"कालचा रस्सा हाय त्यात. वरचं पिवळं दिसतंय ते फॅट हाय. तूप घातलंस तू."

"म्या तूप घातलं न्हाई."

"मग हे कुठून आलं? सॅम्पल खोटं बोलत न्हाई, मानूस बोलतं." हे माझं संस्थेतलं ठरलेलं वाक्य होतं. शेकडो लोकांना ऐकवलेलं.

दशरथनं कप खाली ठेवला. "दाजी," तो म्हणाला, "तुमी माज्या बहिनीचं सॅम्पल काढलं?"

इंदू दुसऱ्यांदा म्हणाली, "म्या न्हाई घातलं." तिसऱ्यांदा म्हणाली नाही. तव्यावरची भाकरी पुरी भाजली, पापुद्रा आला तशी उतरवली, हात धुतले. मनीषाला कोठीतल्या पिठाचं सांगितलं, माझ्या गोळ्यांचा डबा दाखवला, म्हशी कितीला सोडायच्या ते सांगितलं. आणि पिशवीत दोन लुगडी घालून भावाबरोबर पेठेला निघून गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती न सांगता माहेरी गेली नव्हती. त्या दिवशी सांगून गेली, पण मला नाही.

मनीषानं दुपारपर्यंत घरातली सगळी कामं उरकली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आण्णा, खोबऱ्याचं तेल निघतं का?"

"निघतं की."

"तिळाचं?"

"त्याचं बी निघतं."

"मग ते रश्शात उतरल्यावर तुमच्या नळीत वर येणार न्हाई तर काय व्हनार? फॅट काय फक्त म्हशीच्याच घरचं असतंय का?"

मी नळी पुन्हा उजेडात धरली. अठरा वर्षं ज्या नळीत फक्त दूध घातलं, तिच्यात वर येईल ते दुधाचंच असणार, ही माझी खात्री. फॅट म्हणजे दूध, दूध म्हणजे फॅट. तेलाचा घाणा मी लहानपणापासून पाहिला होता, पण तो आणि ही नळी माझ्या डोक्यात कधी एकत्र आलीच नव्हती. दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती. त्यासाठी टेस्टरच असावं लागतं.

"आन अजून एक," मनीषा उठता उठता म्हणाली. "दोन कालवणं कशाला करायची म्हणून तुमी घरी आल्यापासून आई तुमचंच खाती. तिचा च्या बी कोराच. तुमी कधी बघितलं का तिच्या कपात?"

माझ्या ताटातलं सगळं मी हुंगून बघत होतो. तिच्या कपात मी बघितलं नव्हतं.

*

पुढचे तीन आठवडे मनीषानं स्वयंपाक केला. चुलीजवळ बसून मी बघायचो. कांदा माझ्या डोळ्यांसमोर भाजला जायचा, तेल माझ्या देखत मोजलं जायचं. शंकेला तिळाएवढी जागा नव्हती. मला वाटलं होतं, शंका फिटली की जेवण गोड लागेल. पोरीच्या हाताला चवही होती. पण घास नुसता खाली जायचा. खाऊन उठलो की आत्ता काय खाल्लं ते आठवायचं नाही.

गोळ्या वेळेवर घेत होतो. मनातून एकच भीती होती, की इंदू परत आली नाही तर. आणि त्याहून मोठी, की ती आली, मला वाढत राहिली, पण पुन्हा माझ्यासाठी मन लावून कधी काही रांधलंच नाही तर. तेही काही कमी मरण नव्हतं.

निरोप पाठवला, उत्तर नाही. फोन संस्थेत होता, पण पेठेत त्यांच्या वस्तीवर नव्हता. आक्का म्हणाली, "बाई मानूस किती दिवस बसंल भावाकडं? येईल आपसूक." मला तसं नको होतं. माणसांसमोर आरोप केला होता, तर माणसांसमोरच तो मागं घ्यायला हवा होता. संस्थेत एखाद्याचं सॅम्पल चुकलं तर मी चिठ्ठीनं कळवायचो, तोंडानं नाही. मला चूक तोंडानं कबूल करायची सवय नव्हती.

जूनमध्ये एका सकाळी आळेफाट्याला येऊन एसटी धरली. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याची मलाच शंका येत होती.

दशरथच्या अंगणात लावणीसाठी बटाट्याचं बेणं कापायचं काम चाललं होतं. तो, त्याची बायको आणि इंदू तिघंही गोणपाटावर बसली होती. इंदूनं मला बघितलं, हातातला बटाटा कापून पुरा केला आणि उठून आत गेली. दशरथच्या बायकोनं पाण्याचा तांब्या दिला. तिच्या मागून इंदूच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी आत ऐकू जाईल असं बोललो.

"दशरथ, त्या दिवशी तुज्यासमोर बोललो, म्हनून आज तुज्यासमोर सांगतो. चूक माजी हाय. खोबऱ्याला फॅट असतंय."

दशरथ माझ्याकडं बघतच राहिला. "आवो दाजी, त्ये तर समद्या गावाला ठावं हाय. हे सांगाया आलात तिकडनं?"

"आन तिचं सॅम्पल काढायचा मला हक्क नव्हता. त्ये सांगाया आलोय."

त्यानं पुढचा बटाटा कापायला घेतला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही.

जेवायची वेळ झाली. दशरथ आणि मी पाटावर बसलो. ताटं इंदूनं वाढली. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्यातलं बटाट्याचं कालवण, चिरलेला कांदा. वाढून ती दाराशी उभी राहिली. मी ताट पुढं ओढलं. वाटेतच ठरवलं होतं, आज काही विचारायचं नाही, वास घ्यायचा नाही, समोर येईल ते खायचं.

भाकरीला हात लावला तेवढ्यात ती बोलली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

"ईचारा की."

"आज न्हाई ईचारत."

"का? तुमचा जीव हाय, तुमी न्हाई ईचारनार तर कोन ईचारनार? ईचारता म्हनून मला कवा राग आला न्हाई." ती थोडी थांबली. पदर तोंडाशी गेला होता, तो तिनं खाली घेतला. "म्या सांगायची, आन मग म्या आत गेल्यावर तुमी हुंगायचा. म्या दाराच्या फटीतनं बघायची. रोज."

भाकरीवरचा हात मी मागं घेतला. दशरथनं मान खाली घातली होती.

"ईचारा," ती पुन्हा म्हणाली.

मी विचारलं, "यात काय काय घातलंय?"

ती एकेक सांगायला लागली, त्या दिवशी कागदावर अक्षरं काढली होती तशीच सावकाश. "बटाटा. निखाऱ्यावरचा कांदा. लसूण. खोबरं, चिमूटभर. काळा मसाला, मीठ." मग माझ्या डोळ्यांत बघून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "आन चमचाभर तूप."

दशरथचा घास हातातच राहिला. चुलीपाशी त्याची बायको वळून बघायला लागली. इंदू तशीच उभी होती.

मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. मसाला झणझणीत होता, बटाटा मऊ शिजला होता, आणि कितीतरी दिवसांनी मी काय खातोय ते मला कळत होतं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मागितली तेव्हा ती हसली, तोंड फिरवून, पण मला दिसलं.

चारच्या गाडीनं आम्ही दोघं घरी आलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. हृदय चालू आहे, डॉक्टर खूश आहेत, दूध-तूप अजून बंदच आहे. त्या दिवशीच्या कालवणात तूप होतं की नव्हतं, हे मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.